इंग्लंडमधील प्रोटेस्टंट धर्मपरिवर्तन आणि त्याचे राजकीय परिणाम (इ. स. १५२९ ते १६८९)

प्रस्तावना :

आधुनिक युरोपच्या इतिहासाचा अभ्यास करताना धर्मसुधारणा चळवळीचा आरंभ सामान्यतः इ. स. १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने विटेनबर्ग येथे मांडलेल्या ९५ कलमांपासून मानला जातो. या विवेचनात इंग्लंडच्या वाट्याला बहुधा एखादाच परिच्छेद येतो. राजा आठवा हेन्री यास पहिल्या पत्नीपासून मुक्त व्हावयाचे होते, पोपने त्यास संमती दिली नाही, म्हणून राजाने रोमशी असलेले संबंध तोडले, असे त्यात सांगितलेले असते. ही हकीगत खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. रोमशी फारकत का झाली, हे तिच्यावरून कळते. मात्र ज्या राजसत्तेने धर्मसत्ता आपल्या हाती घेतली, त्याच राजसत्तेच्या प्रमुखाला अवघ्या ११५ वर्षांनी प्रजेने शिरच्छेदाची शिक्षा का द्यावी, याचा उलगडा तिच्यावरून होत नाही.

प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे. इंग्लंडच्या राजसत्तेने स्वतःचे सामर्थ्य वाढविण्यासाठी धर्म ताब्यात घेतला आणि त्यासाठी पार्लमेंटच्या कायद्याचे साधन वापरले. त्यामुळे श्रद्धा आणि राजनिष्ठा या दोन गोष्टी एकमेकींना जखडल्या गेल्या. पुढे धर्माविषयीचा प्रत्येक मतभेद राजकीय मतभेद ठरू लागला आणि राजाने हाती घेतलेले साधन राजाच्याच विरोधात वापरता येते, हे प्रजेच्या लक्षात आले. इंग्लंडमधील मर्यादित राजेशाही आणि मर्यादित धर्मसहिष्णुता या दोन्हींचा उगम या संघर्षात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) इंग्लंडमधील धर्मपरिवर्तनात राजा आणि पार्लमेंट यांच्या भूमिका स्पष्ट करणे.
२) धर्मपरिवर्तनाचा जमीन, ग्रंथवाचन व गावपातळीवरील धर्मव्यवस्था यांवर झालेला परिणाम पाहणे.
३) सतराव्या शतकातील यादवी युद्ध व १६८८-८९ ची राज्यक्रांती यांमागील धार्मिक कारणांचा शोध घेणे.

राजाज्ञेने झालेले धर्मपरिवर्तन :

आठवा हेन्री हा आरंभी कडवा कॅथलिक होता. ल्यूथरच्या मतांचे खंडन करणारा ग्रंथ त्याच्या नावे प्रसिद्ध झाल्यामुळे १५२१ मध्ये पोप दहावा लिओ याने त्यास 'धर्मरक्षक' ही पदवी दिली होती. १५०९ मध्ये हेन्रीने आपल्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी कॅथरिन ऑफ ॲरागॉन हिच्याशी विवाह केला. या विवाहातून मेरी ही एकच कन्या जगली. पुरुष वारस नसल्यास राज्यात पुन्हा यादवी माजेल, ही भीती ट्यूडर घराण्यास सतत होती. म्हणून हा विवाह मुळातच अवैध होता, असा निर्णय पोपने द्यावा अशी हेन्रीची मागणी होती. परंतु १५२७ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स याच्या सैन्याने रोम लुटले आणि पोप सातवा क्लेमंट सम्राटाच्या दबावाखाली आला. कॅथरिन ही याच सम्राटाची मावशी असल्याने हेन्रीची मागणी मान्य होणे जवळजवळ अशक्य होते.

येथून पुढे हेन्रीने जो मार्ग निवडला तो इंग्लंडच्या राज्यघटनेच्या दृष्टीने निर्णायक ठरला. केवळ फर्मान काढून तो थांबला नाही. १५२९ ते १५३६ या काळात भरलेल्या पार्लमेंटकडून त्याने एकामागून एक कायदे करून घेतले. १५३३ च्या कायद्याने रोमकडे अपील करण्यास बंदी घालण्यात आली आणि इंग्लंड हे कोणत्याही बाह्य सत्तेच्या अधीन नसलेले साम्राज्य आहे, असे त्याच्या प्रास्ताविकात घोषित करण्यात आले. १५३४ च्या सर्वश्रेष्ठत्वाच्या कायद्याने राजा हा इंग्लंडच्या चर्चचा या भूतलावरील सर्वोच्च प्रमुख ठरला. त्याच वर्षीच्या राजद्रोहविषयक कायद्याने राजास पाखंडी म्हणणे हाही देहान्त शिक्षेचा अपराध झाला. बिशप जॉन फिशर आणि माजी चॅन्सेलर सर थॉमस मोर यांना १५३५ मध्ये प्राण गमवावे लागले. राज्याविरुद्ध शस्त्र उचलल्याचा आरोप त्यांच्यावर नव्हता. राजाचे धर्मविषयक प्रमुखत्व त्यांनी मान्य केले नाही, एवढेच.

या सर्व प्रक्रियेमागे थॉमस क्रॉमवेल या मंत्र्याची योजकता होती. पार्लमेंटच्या संमतीने केलेला कायदा हा चर्चच्या कायद्याहूनही श्रेष्ठ आहे, हे तत्त्व या काळात रूढ झाले. राजाचे अधिकार वाढले हे खरे. पण ते अधिकार पार्लमेंटच्या कायद्याने मान्य झालेले होते. राजाला धर्मप्रमुख ठरविण्याचे सामर्थ्य ज्या संस्थेच्या कायद्यात आहे, ती संस्था पुढे त्या प्रमुखाच्या अधिकारांना मर्यादाही घालू शकते, हा निष्कर्ष हेन्रीच्या हयातीत कोणी उघडपणे काढला नाही. तो काढला जाण्यास शंभर वर्षे लागली.

मठांच्या जमिनी आणि नवा जमीनदार वर्ग :

१५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंड व वेल्समधील सुमारे ८०० मठ व धार्मिक संस्था बंद करण्यात आल्या. त्यांची मालमत्ता राजाकडे आली. फ्रान्सशी व स्कॉटलंडशी झालेल्या युद्धांचा खर्च भागविण्यासाठी हेन्रीने या जमिनींचा मोठा भाग विकून टाकला. तो विकत घेणाऱ्यांत उमराव होते, दरबारी होते, त्याचप्रमाणे गावोगावचे मध्यम जमीनदार, वकील आणि लंडनचे व्यापारीही होते. कॉमन्स सभागृहात ज्यांचे वजन होते तो हाच वर्ग.

मठांच्या विसर्जनाचे सर्वत्र स्वागत झाले असे नाही. मठ हे गोरगरिबांना अन्नदान करीत, प्रवाशांना आसरा देत आणि मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करीत. उत्तर इंग्लंडमध्ये १५३६ च्या अखेरीस रॉबर्ट ॲस्क या वकिलाच्या नेतृत्वाखाली हजारो लोक एकत्र आले. येशूच्या पाच जखमांचे चिन्ह असलेले ध्वज त्यांच्या हाती होते आणि आपल्या चळवळीस ते यात्रा म्हणत. राजाने आश्वासने देऊन त्यांना परत पाठविले आणि पुढील वर्षी ॲस्कसह अनेकांना फाशी दिली.

या जमिनींचा राजकीय अर्थ खऱ्या अर्थाने कळला तो राणी मेरीच्या कारकिर्दीत. १५५३ मध्ये गादीवर आलेल्या मेरीने कॅथलिक धर्म पुनःस्थापित केला. पार्लमेंटने पोपचे प्रमुखत्व पुन्हा मान्य केले. मात्र मठांच्या जमिनी आजच्या धारकांकडेच राहतील, याची हमी त्याच कायद्यात घेतली. कॅथलिक असलेल्या जमीनदारांनीही घेतलेली जमीन परत केली नाही. श्रद्धेच्या बाबतीत तडजोड होऊ शकते, पण मालकीहक्काच्या बाबतीत ती होणार नाही, असा या कायद्याचा स्पष्ट अर्थ होता. जमीनदार वर्गाचा मोठा भाग रोमच्या पुनरागमनाकडे पुढे कायम संशयाने पाहत राहिला, त्याचे एक कारण येथे सापडते.

बायबल लोकांच्या हाती :

विल्यम टिंडेल याने केलेला नव्या कराराचा इंग्रजी अनुवाद १५२६ मध्ये जर्मनीत छापला गेला आणि व्यापाऱ्यांच्या मालातून चोरून इंग्लंडमध्ये आणला गेला. १५३६ मध्ये टिंडेलला नेदरलँड्समध्ये पाखंडी म्हणून ठार करण्यात आले. आश्चर्य असे की, अवघ्या दोन वर्षांनी, १५३८ मध्ये, प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये इंग्रजी बायबलची प्रत ठेवावी असा हुकूम राजाच्या नावाने निघाला आणि १५३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ग्रेट बायबल'मध्ये टिंडेलच्याच अनुवादाचा मोठा आधार घेतलेला होता. या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील चित्रात सिंहासनावरील हेन्री देवाचे वचन बिशपांच्या व मंत्र्यांच्या हाती देत असून खाली जमलेली प्रजा राजाचा जयजयकार करीत आहे. देवाचे वचन राजाच्या हातून प्रजेपर्यंत पोहोचावे, ही राजसत्तेची अपेक्षा त्यातून व्यक्त होते.

ही अपेक्षा फोल ठरली. चर्चमध्ये लोक बायबल मोठ्याने वाचू लागले, त्याच्या अर्थावरून वाद घालू लागले. परिणामी १५४३ च्या कायद्याने कारागीर, शेतकरी, मजूर, नोकर यांना आणि खालच्या वर्गातील स्त्रियांना बायबल वाचण्यास बंदी करण्यात आली. उमराव व जमीनदार यांना मात्र मुभा राहिली. धर्मग्रंथाच्या वाचनावर जन्म, व्यवसाय व लिंग यांनुसार निर्बंध घालण्याचा हा प्रयत्न बोलका आहे. ज्याला वाचता येते त्याला विचारही करता येतो आणि विचार करणारी प्रजा आज्ञाधारक राहीलच याची शाश्वती नसते, हे सत्ताधाऱ्यांच्या ध्यानी आले होते. हेन्रीच्या मृत्यूनंतर १५४७ मध्ये ही बंदी उठली.

सहावा एडवर्ड याच्या अल्प कारकिर्दीत आर्चबिशप थॉमस क्रॅनमर याने तयार केलेला इंग्रजी प्रार्थनाग्रंथ १५४९ मध्ये व त्याची अधिक प्रोटेस्टंट आवृत्ती १५५२ मध्ये लागू झाली. कॉर्नवॉल व डेव्हनमधील ग्रामस्थांनी त्याविरुद्ध उठाव केला. तो मोठ्या कठोरपणे मोडण्यात आला. पुढे मेरीच्या राजवटीत १५५५ ते १५५८ या काळात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जिवंत जाळण्यात आले. त्यांत क्रॅनमर, लॅटिमर व रिडली यांसारखे बिशप होते, तसेच विणकर, मजूर आणि सामान्य स्त्रियाही होत्या. जॉन फॉक्स याने १५६३ मध्ये या हुतात्म्यांचा सचित्र बृहद्ग्रंथ इंग्रजीत प्रसिद्ध केला. बायबलच्या खालोखाल वाचला गेलेला हा ग्रंथ. कॅथलिक धर्म म्हणजे परकी सत्ता आणि छळ, हे समीकरण इंग्रज मनात रुजविण्यात त्याचा वाटा फार मोठा होता.

एलिझाबेथची तडजोड :

१५५८ मध्ये एलिझाबेथ राणी झाली. २५ वर्षांच्या आत राज्याचा धर्म चौथ्यांदा बदलत होता. १५५९ च्या दोन कायद्यांनी राणी चर्चची 'सर्वोच्च प्रशासक' ठरली आणि सर्व देशासाठी एकच प्रार्थनाग्रंथ सक्तीचा झाला. 'प्रमुख' हा शब्द टाळण्यात आला, कारण स्त्रीने चर्चचे प्रमुख असणे अनेकांना रुचत नव्हते. रविवारी चर्चला गैरहजर राहणाऱ्यास १२ पेन्स दंड होई. सिद्धान्त प्रोटेस्टंट, पण बिशपांची उतरंड, धर्मगुरूंची वस्त्रे व अनेक विधी जुनेच, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते.

ही व्यवस्था दोन बाजूंनी अडचणीत आली. पोप पाचवा पायस याने १५७० मध्ये एलिझाबेथला बहिष्कृत करून प्रजेस तिच्याविषयीच्या निष्ठेतून मुक्त केले. यामुळे इंग्लंडमधील प्रत्येक कॅथलिक हा संभाव्य राजद्रोही ठरला. १५८१ च्या कायद्याने चर्चला न जाण्याचा दंड दरमहा २० पौंडांवर नेला. तो भल्याभल्या जमीनदारांनाही उद्ध्वस्त करणारा होता. एलिझाबेथच्या काळात १८० हून अधिक कॅथलिकांना देहान्त शिक्षा झाली. आपण कोणासही श्रद्धेसाठी मारत नाही, राजद्रोहासाठी मारतो, असे शासन सांगत असे. परंतु मूळ कायद्यानेच श्रद्धेला राजनिष्ठेची कसोटी बनविले असल्याने हा भेद करणे कठीण होते.

दुसरा विरोध घरातून आला. धर्मसुधारणा अर्धवट राहिली आहे, ती पूर्ण करून चर्च शुद्ध करावे, असे मानणाऱ्यांना त्यांचे विरोधक उपहासाने 'प्यूरिटन' म्हणू लागले. जॉन फील्ड व थॉमस विल्कॉक्स यांनी १५७२ मध्ये बिशपपद्धती रद्द करण्याची मागणी करणारे पत्रक काढले. ते पार्लमेंटला उद्देशून होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे. धर्म पार्लमेंटच्या कायद्याने बदलला असेल, तर त्याची उरलेली सुधारणाही पार्लमेंटने करावी, हा त्यांचा तर्क हेन्रीच्या कृतीतूनच निघालेला होता. दोघांनाही तुरुंगात जावे लागले. धर्माचा प्रश्न हा आपला खास अधिकार असून सभासदांनी त्यात पडू नये, असे राणीचे म्हणणे होते. चर्चपासून पूर्णपणे वेगळे होऊ पाहणाऱ्या हेन्री बॅरो, जॉन ग्रीनवुड व जॉन पेनरी यांना १५९३ मध्ये फाशी देण्यात आली. एलिझाबेथचा व्यवहारीपणा आणि स्पेनचे संकट यांमुळे हा संघर्ष तूर्त आटोक्यात राहिला. सुटला मात्र नाही.

पहिला चार्ल्स, आर्चबिशप लॉड आणि पार्लमेंट :

पहिला जेम्स याने १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट येथील परिषदेत प्यूरिटनांच्या मागण्यांपैकी फारच थोड्या मान्य केल्या. बिशप गेले तर राजाही जाईल, अशी त्याची धारणा होती. राजाने नेमलेले बिशप आणि बिशपांनी शिकविलेली राजाज्ञा यांची साखळी त्याने अचूक ओळखली होती. या परिषदेतून १६११ चे प्रसिद्ध बायबल तयार झाले.

त्याचा मुलगा पहिला चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला. त्याची राणी हेन्रिएटा मारिया ही फ्रेंच कॅथलिक होती. चार्ल्सने पाठिंबा दिलेला धर्मगुरूंचा गट समारंभ, वेदी व बिशपांचे माहात्म्य यांवर भर देत होता. प्यूरिटनांच्या दृष्टीने हा रोमकडे परतण्याचा मार्ग होता. याच गटातील काही धर्मगुरूंनी पार्लमेंटच्या संमतीविना राजाने मागितलेले कर्ज देणे हे प्रजेचे धार्मिक कर्तव्य असल्याचे उपदेश दिले. त्यामुळे करांचा प्रश्न आणि धर्माचा प्रश्न एकत्र आले. २ मार्च १६२९ रोजी कॉमन्स सभागृहात काही सभासदांनी सभापतीला त्याच्या खुर्चीत बळाने दाबून धरले आणि तीन ठराव संमत करून घेतले. त्यांपैकी पहिला ठराव धर्मात नवे पायंडे पाडणाऱ्यांविरुद्ध होता. उरलेले दोन पार्लमेंटच्या संमतीविना घेतल्या जाणाऱ्या जकातीविरुद्ध होते. त्यानंतर ११ वर्षे चार्ल्सने पार्लमेंट बोलावलेच नाही.

या ११ वर्षांत विल्यम लॉड याने १६३३ मध्ये आर्चबिशप झाल्यावर आपला कार्यक्रम नेटाने राबविला. चर्चच्या मध्यभागी असलेले प्रभुभोजनाचे मेज पूर्वेकडील भिंतीशी नेऊन त्याभोवती कठडा घालण्यात आला. आज ही बाब किरकोळ वाटेल. परंतु मध्यभागी असलेले मेज हे सर्व श्रद्धावंतांचे समान भोजन सुचवीत होते, तर कठड्यामागील वेदी ही धर्मगुरू व सामान्य जन यांच्यातील अंतर दाखवीत होती. १६३७ मध्ये विल्यम प्रिन हा वकील, जॉन बॅस्टविक हा वैद्य आणि हेन्री बर्टन हा धर्मगुरू अशा तिघांना बिशपांवर टीका केल्याबद्दल स्टार चेंबर न्यायालयाने कान कापण्याची शिक्षा दिली. हे तिघेही सुशिक्षित व प्रतिष्ठित वर्गातील होते. शिक्षेच्या वेळी जमलेल्या लंडनकरांची सहानुभूती त्यांच्या बाजूने होती. याच दशकात सुमारे २०,००० लोक इंग्लंड सोडून अमेरिकेतील न्यू इंग्लंडमध्ये गेले.

अखेर ठिणगी पडली ती स्कॉटलंडमध्ये. तेथील चर्च कॅल्व्हिनच्या मताचे होते. १६३७ मध्ये चार्ल्सने तेथे नवा प्रार्थनाग्रंथ लादताच एडिंबरोच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगल झाली. १६३८ मध्ये स्कॉट लोकांनी राष्ट्रीय प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. त्यांच्याविरुद्धच्या युद्धासाठी पैसा हवा होता, म्हणून चार्ल्सला १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावे लागले. अशा रीतीने धर्माच्या एकरूपतेचा आग्रहच राजाला पुन्हा पार्लमेंटच्या दारी घेऊन आला.

यादवी युद्ध आणि श्रद्धेचा प्रश्न :

नोव्हेंबर १६४० मध्ये भरलेल्या दीर्घ पार्लमेंटसमोर काही आठवड्यांतच लंडनच्या सुमारे १५,००० नागरिकांच्या सह्यांचा अर्ज आला. बिशपपद्धती मुळासकट उपटून काढावी, अशी त्यात मागणी होती. १६४१ मध्ये स्टार चेंबर व हाय कमिशन ही न्यायालये रद्द झाली. मात्र बिशपांच्या प्रश्नावर पार्लमेंटमध्येच फूट पडली. प्रार्थनाग्रंथ व बिशप यांविषयी जिव्हाळा असणारे अनेक सभासद राजाच्या बाजूला सरकले. ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमधील कॅथलिकांनी उठाव केला, तेव्हा तो दडपण्यासाठी उभारावयाचे सैन्य राजाच्या हाती द्यावे काय, असा प्रश्न निर्माण झाला. राजाविरुद्धच्या तक्रारींचे मोठे निवेदन कॉमन्समध्ये १५९ विरुद्ध १४८ अशा निसटत्या मतांनी संमत झाले. घटनात्मक मागण्यांवर बहुतांशी एकत्र असलेले पार्लमेंट धर्मावर दुभंगले. राजाला लढण्यापुरता पक्ष मिळाला तो यामुळेच. ऑगस्ट १६४२ मध्ये युद्धास तोंड फुटले.

युद्धकाळात धर्मनियंत्रणाची जुनी यंत्रणा कोसळली. छपाईवरील बंधने सैल झाली. जॉर्ज थॉमसन या लंडनच्या ग्रंथविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळातील २२,००० हून अधिक पुस्तिका, पत्रके व वृत्तपत्रे जमा केली. त्यावरून या मंथनाची कल्पना येते. बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट आणि पुढे क्वेकर असे पंथ वाढले. त्यांच्या मंडळ्या सभासदांच्या परस्पर कराराने बनत. धर्मोपदेशक ते स्वतः निवडीत. काही मंडळ्यांत स्त्रियाही बोलत. सामान्य कारागिराला स्वयंशासनाचा पहिला अनुभव अशा मंडळ्यांतून मिळाला.

या अनुभवाचे राजकीय रूप ऑक्टोबर १६४७ मध्ये पटनी येथील सेंट मेरी चर्चमध्ये झालेल्या सैन्याच्या चर्चेत दिसते. लेव्हलर गटाने मांडलेला 'जनतेचा करार' चर्चेसाठी होता. कर्नल थॉमस रेन्सबरो याने सर्वांत गरीब माणसालाही आपल्यावरील शासन निवडण्याचा अधिकार असल्याचे प्रतिपादन केले. हेन्री आयर्टन याने देशात स्थिर मालमत्ता असणाऱ्यांनाच मत असावे, असा आग्रह धरला. मताधिकारावरील हा वाद सर्वपरिचित आहे. परंतु त्या करारातील धर्मविषयक कलम तितकेच महत्त्वाचे आहे. धर्म व ईश्वराची उपासना या बाबी जनतेने कोणत्याही मानवी सत्तेकडे सोपविलेल्याच नाहीत, असे त्यात म्हटले होते. १५३४ मध्ये राजा धर्माचा प्रमुख झाला होता. १६४७ मध्ये सामान्य सैनिकांचे प्रतिनिधी सांगत होते की हा अधिकार राजाला नाही आणि पार्लमेंटलाही नाही. देवापुढे जे कोणालाही देता येत नाही, ते शासनाला कसे देता येईल, हा त्यामागील विचार होता. शासनाच्या अधिकारांना मर्यादा असतात, ही आधुनिक कल्पना येथे धार्मिक श्रद्धेच्या पोटी जन्मास आलेली दिसते.

३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला. १६५० मध्ये पॅरिश चर्चमध्ये जाण्याची सक्ती रद्द झाली. मात्र ऑलिव्हर क्रॉमवेलच्या राजवटीतील धर्मस्वातंत्र्यातून कॅथलिक व बिशपवादी वगळलेले होते. १६४९ मध्ये आयर्लंडमधील द्रोहेडा व वेक्सफर्ड येथे त्याच्या सैन्याने केलेली कत्तल या स्वातंत्र्याची काळी बाजू दाखविते.

पुनःस्थापना ते १६८९ ची तडजोड :

१६६० मध्ये राजेशाही परतली आणि तिच्याबरोबर बिशपही परतले. प्रार्थनाग्रंथास संपूर्ण संमती न देणाऱ्या सुमारे २,००० धर्मगुरूंना १६६० ते १६६२ या काळात पदे सोडावी लागली. चर्चबाहेरील प्रार्थनासभांवर १६६४ मध्ये बंदी आली. परवान्याविना उपदेश केल्याबद्दल जॉन बनियन याने सुमारे १२ वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढली. तरीही मतभेदी मंडळ्या नष्ट झाल्या नाहीत. त्यांचे अस्तित्व ही आता कायमची वस्तुस्थिती होती.

या काळातील एक विसंगती अभ्यसनीय आहे. दुसरा चार्ल्स (१६७२) व दुसरा जेम्स (१६८७ व १६८८) या राजांनी स्वतःच्या विशेषाधिकाराने धर्मविषयक कायदे स्थगित करून कॅथलिक व मतभेदी प्रोटेस्टंट या दोघांनाही सवलती देऊ केल्या. म्हणजे सहिष्णुता राजा देऊ पाहत होता आणि पार्लमेंट ती नाकारत होते. पार्लमेंटच्या विरोधामागे कॅथलिकद्वेष होता, यात संशय नाही. १६७३ च्या कायद्याने कॅथलिकांना सर्व सरकारी पदे बंद झाली होती. परंतु त्याचबरोबर एक घटनात्मक प्रश्नही होता. जो राजा एक कायदा स्थगित करू शकतो, तो सर्वच कायदे स्थगित करू शकतो. १६७९ ते १६८१ या काळात कॅथलिक जेम्सला वारसाहक्कातून वगळण्याच्या विधेयकावरूनच व्हिग व टोरी ही दोन पक्षनामे रूढ झाली.

जेम्सचे घोषणापत्र चर्चमधून वाचून दाखविण्याच्या हुकुमाला आर्चबिशप सॅन्क्रॉफ्टसह सात बिशपांनी हरकत घेतली. त्यांच्यावर खटला भरला गेला आणि ३० जून १६८८ रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. ज्या बिशपांनी राजाज्ञापालन हे धर्मकर्तव्य म्हणून शिकविले होते, त्यांनाच राजाज्ञा मोडावी लागली. त्याच दिवशी विल्यम ऑफ ऑरेंज याला निमंत्रण पाठविण्यात आले. नोव्हेंबरमध्ये तो टॉर्बे येथे उतरला आणि जेम्स फ्रान्सला पळून गेला.

१६८९ च्या हक्कांच्या कायद्याने पार्लमेंटच्या संमतीविना कायदे स्थगित करणे बेकायदेशीर ठरविले, तसेच कॅथलिक व्यक्तीस व कॅथलिकाशी विवाह करणाऱ्यास गादीवर येण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या सहिष्णुतेच्या कायद्याने त्रैक्य मानणाऱ्या मतभेदी प्रोटेस्टंटांना स्वतंत्र उपासनेची मुभा मिळाली. हेन्रीने राजाच्या इच्छेने प्रजेचा धर्म ठरविला होता. आता पार्लमेंट राजाचा धर्म ठरवू लागले. १७०१ च्या वारसा कायद्याने जवळच्या ५० हून अधिक कॅथलिक वारसांना डावलून हॅनोव्हर घराण्याकडे गादी गेली.

इतिहासकारांचे मतप्रवाह :

एस. आर. गार्डिनर याने या यादवीस 'प्यूरिटन क्रांती' म्हटले. ख्रिस्तोफर हिल या मार्क्सवादी इतिहासकाराने प्यूरिटन मतामागील उद्योगी मध्यमवर्गाकडे लक्ष वेधले. जॉन मॉरिल याच्या मते हे युद्ध पहिली युरोपीय क्रांती नसून युरोपातील अखेरचे धर्मयुद्ध होते. सोळाव्या शतकाविषयी ए. जी. डिकन्स याने (१९६४) धर्मसुधारणेस जनतेतूनही पाठबळ होते, असे मांडले, तर एमन डफी याने (१९९२) जुना धर्म लोकजीवनात जिवंत होता व तो वरून मोडण्यात आला, असे दाखविले. ही मते परस्परविरोधी वाटली तरी त्यांचा समन्वय शक्य आहे. धर्मपरिवर्तन वरून लादले गेले हे डफीचे म्हणणे बव्हंशी पटते. परंतु दोन पिढ्यांनंतर त्याच लादलेल्या धर्माने अंतःकरणात मूळ धरले आणि तो राजसत्तेपासून स्वतंत्र झाला. केवळ आर्थिक हितसंबंधांनी प्रिनचे कापलेले कान किंवा बनियनचा तुरुंगवास समजत नाही.

निष्कर्ष :

१) इंग्लंडमधील धर्मसुधारणेची सुरुवात राजकीय गरजेतून झाली, परंतु ती पार्लमेंटच्या कायद्याने झाल्यामुळे धर्मविषयक निर्णयांत पार्लमेंटला स्थान मिळाले आणि त्यातूनच पुढे पार्लमेंटच्या श्रेष्ठत्वाचा पाया घातला गेला.

२) मठांच्या जमिनींच्या वाटपाने नव्या व्यवस्थेशी हितसंबंध असलेला वर्ग, तर इंग्रजी बायबलने स्वतःच्या बुद्धीने अर्थ लावणारा वाचक निर्माण केला. या दोन्ही गोष्टी राजसत्तेने घडविल्या, पण त्या तिच्या ताब्यात राहिल्या नाहीत.

३) श्रद्धेला राजनिष्ठेची कसोटी बनविल्यामुळे मतभेद हा राजद्रोह ठरला. एकरूपतेचा आग्रह जितका वाढला, तितके राज्य अस्थिर झाले. १६८९ ची सहिष्णुता ही उदारमतातून जितकी आली, तितकीच दडपशाहीच्या अपयशातून आली.

४) ही सहिष्णुता अपुरी होती. मतभेदी प्रोटेस्टंटांवरील पदांची बंधने १८२८ मध्ये व कॅथलिकांवरील बहुतेक बंधने १८२९ मध्ये उठली. कॅथलिकाशी विवाह करण्यावरील राजघराण्याची बंदी २०१३ च्या कायद्याने दूर झाली. राज्यकर्ता मात्र आजही प्रोटेस्टंटच असावा लागतो.

या इतिहासाचा एक लहानसा धागा मराठीपर्यंतही येतो. राज्याच्या चर्चबाहेर वाढलेल्या बॅप्टिस्ट पंथाचा विल्यम केरी याने १८०५ मध्ये सेरामपूर येथे मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. धर्मग्रंथ ज्याच्या त्याच्या भाषेत असावा, हा टिंडेलचा आग्रह केरीसारख्यांच्या भाषाकार्यामागेही होता.

राज्याने नागरिकाच्या अंतःकरणात कोठवर शिरावे, हा प्रश्न सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने नकळत उपस्थित केला. पटनीच्या चर्चमधील सैनिकांनी त्याला दिलेले उत्तर त्या काळी पराभूत झाले. तथापि पुढील काळातील लोकशाही राज्यघटनांना धर्मस्वातंत्र्याचा विचार करताना त्याच उत्तराकडे वळावे लागले.